दाणे सगळ्यात शेवटी: गावाकडच्या घराभोवतीचे पक्षी कसे बघावेत

घराभोवतीचे पक्षी बघायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी दाण्यांच्या डब्याकडे जातो. डबा टांगला, दाणे भरले, आता यायचे ते येतील. दोन-चार दिवसांत चिमण्या येतात, त्यांच्यामागे पारवे येतात, मग नुसते पारवेच येतात आणि महिन्याभरात डबा अडगळीत जातो.

अंगणाच्या आसपास वावरणाऱ्या पक्ष्यांत दाणे खाणारे मुळात थोडे. शिंपी, दयाळ, कोतवाल, नाचण, वेडा राघू हे सगळे किड्यांवर जगतात. तांबट आणि हळद्या फळांच्या मागे. शिंजीर फुलांतल्या मधावर आणि बारीक कोळ्यांवर. भारद्वाज तर गोगलगाय, सरडा, दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी, जे सापडेल ते उचलतो. यातला एकही तुमच्या बाजरीकडे ढुंकून बघणार नाही. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी बसायची जागा, मग पाणी, मग झाडझाडोऱ्याचा एक कोपरा, आणि हे सगळं मार्गी लागल्यावर दाणे.

आधी नुसतं बसा

पहिला आठवडा काही टांगू नका, काही ठेवू नका. ओटी, पडवी, खिडकी, मागच्या दाराची पायरी, यातली एक जागा निवडा आणि रोज तिथेच बसा. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा हवी. समोरून ऊन आलं तर प्रत्येक पक्षी काळा दिसतो आणि रंगांचा पत्ताच लागत नाही.

वेळ सूर्योदयापासून पुढचे दोन-अडीच तास. रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी तेव्हा खायच्या घाईत असतात, त्यामुळे उघड्यावर दिसतात. दुपारी बहुतेक सावलीला गप्प बसतात. ऊन उतरलं की पुन्हा तासभर हालचाल वाढते.

पक्षी माणसाला जेवढे घाबरतात त्यापेक्षा माणसाच्या हालचालीला जास्त घाबरतात. खुर्चीत बसलेल्या माणसापासून आठ-दहा फुटांवर साळुंकी बिनधास्त चरते, पण त्याच माणसानं झटकन हात वर केला की उडते. म्हणून दुर्बीण, वही, चहाचा कप सगळं हाताशी घेऊनच बसा. खिडकीआडून बघत असाल तर खोलीतला दिवा बंद ठेवा; आत अंधार असला की बाहेरून तुम्ही दिसत नाही.

या आठवड्यात बघायचं ते एवढंच: कोण कुठे बसतं. कोतवालाची तार ठरलेली असते. दयाळ नर पहाटे एका ठराविक उंच शेंड्यावरून गातो. खंड्या विजेच्या तारेवरून खाली गवतात झेप घेतो आणि पुन्हा तिथेच येतो. तो मासे खाणारा असला तरी नाकतोडे आणि सरडेही भरपूर खातो, त्यामुळे पाणी लांब असूनही अंगणात दिसतो. सातभाईंची टोळी रोज साधारण एकाच वेळी, एकाच वाटेनं पालापाचोळा उलटत जाते. वहीच्या मधल्या पानावर घराचा ढोबळ नकाशा काढून या जागांवर फुल्या मारा. पुढे पाणी आणि दाणे कुठे ठेवायचे, हे तो नकाशाच सांगेल.

दुर्बीण घ्यायची तर

दुर्बिणीशिवायही सुरुवात होते. पण घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिच्यातून दिसणारा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे जवळच्या झुडपातला चुळबुळ्या पक्षी पकडणं अवघड जातं. अंगणासाठी आणखी एक गोष्ट तपासा: दोन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसते का. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत घेता यायला हव्यात.

नवी दुर्बीण हातात आली की आधी ती स्वतःच्या डोळ्यांशी जुळवून घ्यायची. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला पाटी किंवा पान स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. ती कडी एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही. यापुढे फक्त मधलं चाक. बरेच जण हे न करताच दुर्बीण वर्षानुवर्षं वापरतात आणि डोकं दुखतं म्हणून तक्रार करतात.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका. नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली दुर्बिणीकडे बघून मग पुन्हा पक्षी शोधायला गेलात तर तो गेलेला असतो. आधी न हलणाऱ्या पानावर सराव करा, दोन दिवसांत जमतं.

पाणी

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दाणे न खाणारेही पाण्यावर येतात.

मातीचं रुंद परळ उत्तम. कडेला पाणी एक-दोन सेंटिमीटर, मध्ये फार तर पाच. लहान पक्ष्यांना खोल पाणी नको असतं, पाय टेकायला हवेत. प्लास्टिकच्या किंवा चिनी मातीच्या गुळगुळीत ताटलीत पाय घसरतात. तीच वापरायची असेल तर तळाला वाळू-खडे घाला आणि मध्ये एक चपटा दगड ठेवा, पाण्याच्या वर डोकावेल असा. परळ सावलीत ठेवा, झुडपापासून दोन-तीन मीटरवर. त्याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर भिजलेल्या पक्ष्याला धोका दिसल्यावर आसरा गाठता येत नाही.

पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा, साबण नको. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यातही आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज रिकामं होणाऱ्या परळात डास वाढत नाहीत. डासांच्या भीतीनं पाणी ठेवायचं टाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पाण्याकडे पक्षी लवकर ओढून घ्यायचे असतील तर वर एक छोटं भांडं टांगून त्याला टाचणीएवढं भोक पाडा. थेंब पडताना होणारा आवाज आणि पाण्यावरची हालचाल त्यांना लांबून कळते.

आता परळावर काय चालतं ते नीट बघा. लालबुड्या बुलबुल आधी शेजारच्या फांदीवर येतो, मान वाकडी करून वर आकाशाकडे एक डोळा लावतो, मग परळाच्या कडेवर. दोन-तीन घोट पितो आणि प्रत्येक घोटाला चोच वर करतो, म्हणजे पाणी घशात उतरतं. मग पाण्यात उतरून छाती बुडवतो, पंख थरथरवतो, शेपटी पसरवतो, की पुन्हा कडेवर. असं तीन-चार वेळा. त्यानंतरचा भाग लोक बघतच नाहीत, कारण तोवर त्यांना वाटतं की संपलं. ओला बुलबुल जवळच्या फांदीवर बसून चोच मागे शेपटीच्या मुळाशी नेतो. तिथे तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीला लावून एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत चोचीतून ओढत बसतो. या वेळी तो बराच वेळ एका जागी असतो; शेपटीखालचा लाल ठिपका, पाठीवरची खवल्यांसारखी नक्षी, छोटासा काळा तुरा बघून घ्यायला यासारखी संधी नाही.

त्याच परळावर होला आला तर पिण्याची पद्धत लगेच वेगळी दिसेल. होले आणि पारवे चोच पाण्यात खुपसून ठेवतात आणि मान वर न करता पाणी ओढून घेतात. कोतवाल आणि वेडा राघू परळावर फारसे उतरत नाहीत. ते शेततळ्यावर किंवा विहिरीवर उडता उडता पाण्याला छाती टेकवून जातात.

घराजवळ सिमेंटचा हौद किंवा उघडी टाकी असेल तर तिच्यात एक तिरकी फळी सोडून ठेवा, खडबडीत. पाणी खाली गेलं की प्यायला उतरलेले पक्षी आणि खारी आत पडतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही.

चिमण्यांना पाण्याइतकीच धूळ लागते. परळापासून थोडं लांब, उन्हात, हातभर जागा भुसभुशीत कोरड्या मातीची ठेवली की तिथे त्यांची धूळआंघोळ रोज बघायला मिळते.

एक कोपरा मोकाट सोडा

झाडून-पुसून लख्ख केलेल्या अंगणात पक्षी येतात आणि जातात, राहत नाहीत. परसातला एक कोपरा झाडायचा बंद करा. पालापाचोळा कुजू द्या, त्यात किडे होतील, किड्यांवर सातभाई आणि दयाळ येतील. गवताला तुरे येऊ द्या, मुनियांना तेच बी लागतं. जास्वंद, शेवगा, पांगारा फुलला की शिंजीर येणारच. उंबराचं झाड असेल तर तुम्हाला वेगळं काही करायची गरजच नाही. फळं पिकली की तांबट, हळद्या, कोकीळ, साळुंक्या, पोपट सगळे तिथे जमतात.

वाळलेली फांदी घरावर पडण्याचा धोका नसेल तर तोडू नका. तांबट मऊ झालेल्या वाळक्या लाकडातच ढोली कोरतो. त्याची जुनी ढोली पुढे दुसऱ्या पक्ष्यांच्या कामी येते.

फवारणीबद्दल एकच मुद्दा पुरेसा आहे. चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवतात. अळ्या मेल्या तर दाण्यांचा कितीही ढीग घाला, पिल्लं जगत नाहीत. तसंच उंदरांच्या विषाचं: विष खाऊन सुस्त झालेला उंदीर गव्हाणी घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं.

आता दाणे

एवढं झाल्यावर दाण्यांना अर्थ आहे, आणि तो पोट भरण्याचा कमी, जवळून बघता येण्याचा जास्त. पक्षी तुमच्या दाण्यांवर अवलंबून राहतील ही भीती फार बाळगू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ब्लॅक-कॅप्ड चिकॅडी या लहान पक्ष्यांवर अभ्यास झाला होता, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं दाणे मिळत असलेल्या जागेवरून दाणे काढून घेतले, तरी तिथले पक्षी हिवाळ्यात न भरवलेल्या पक्ष्यांइतकेच जगले. रानातलं खाणं शोधणं ते विसरले नव्हते.

बाजरी आणि राळा यांनी सुरुवात करा. चिमण्या, मुनिया, होले यांना ते पुरतं. तांदळाची कणी चालते. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो ही नुसती अफवा आहे, भाताच्या शेतात हजारो पक्षी तेच खातात. पोपटांना सूर्यफुलाचं बी आणि कच्चे, बिनखारे शेंगदाणे. बुलबुल, साळुंकी, कोकीळ यांच्यासाठी पपई किंवा केळ्याचा तुकडा फांदीवर खोचून ठेवा आणि संध्याकाळी उरलेला काढून टाका.

काय नको: खारट, तळलेलं, मसाल्याचं काहीही. दूध नको, ते पक्ष्यांना पचत नाही. चॉकलेट आणि अॅव्होकाडो विषारी. पावानं नुसतं पोट भरतं, पोषण होत नाही. सगळ्यात घातक म्हणजे बुरशी लागलेले शेंगदाणे आणि दाणे. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांचं यकृत निकामी करतं. आपल्याला नको झालेलं धान्य पक्ष्यांना घालायची सवय इथेच महागात पडते. शिंजीरांसाठी साखरपाण्याच्या बाटल्याही टांगू नका. ती पद्धत हमिंगबर्डसाठीची आहे आणि ते फक्त अमेरिका खंडांत असतात. शिंजीरांना फुलझाड लावा.

भांडं साधं असू द्या. कडेला बोटभर उंच पट्टी असलेली लाकडी किंवा जाळीची फळी, तळाला पाणी निथळायला भोकं. प्लास्टिकच्या बाटलीत चमचे खोचून केलेली भांडी दिसायला छान असतात, पण आत दमटपणा कोंडतो, दाणे गोळा होऊन बुरशी धरतात आणि बाटली आतून घासता येत नाही. पावसाळ्यात तर ती अजिबात नकोत. टांगायला तार वापरा, नायलॉनचा दोरा नको, पायात अडकतो.

उंची दीड-दोन मीटर, झुडपापासून तीन मीटर. होले मात्र जमिनीवरच चरतात, त्यांच्यासाठी मूठभर खाली टाका. रोज एकाच वेळी घाला आणि संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच घाला. गावाकडे हा नियम कडक पाळायचा, कारण रात्री सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. धामण आली तर निदान बिनविषारी. नाग येतो तोही उंदरांसाठीच.

पारव्यांचा ताबा झाला असेल तर फळीभोवती साधारण चार सेंटिमीटर भोकांची जाळी लावा. चिमणी, मुनिया आत जातात, पारवा अडतो. तेही जमत नसेल तर आठ-दहा दिवस दाणे सरळ बंद.

साफसफाई

दर दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, फळी गरम पाण्यानं घासा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. ओल्या फळीवर दाणे घालू नका. फळीखालची विष्ठा आणि टरफलंही झाडा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फळीची जागा बदला.

हे आळसानं टाळायचं काम नाही. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या झपाट्यानं कोसळली, ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे. लाळेनं माखलेले दाणे आणि दूषित पाणी यांतून तो पसरतो, आणि एकाच ताटावर गर्दी होते तिथे त्याला सोपं जातं. पिसं फुलवून सुस्त बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी फळीवर दिसला तर दाणे आणि पाणी दोन्ही किमान दोन आठवडे बंद करा. म्हणजे पक्षी पांगतात.

कोंबड्या पाळलेल्या असतील तर त्यांचं खाणं-पाणी आणि रानपक्ष्यांचं खाणं-पाणी यांची सरमिसळ होऊ देऊ नका. बर्ड फ्लूसह बरेच आजार दोन्हीकडून दोन्हीकडे जातात. परळ धुतलं की हात साबणानं धुवा. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका.

घराला मोठ्या काचा असतील तर फळी काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा किंवा दहा मीटरच्या बाहेर. जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग आलेला नसतो. मधल्या अंतरावरून आलेला पक्षी काचेतलं झाडाचं प्रतिबिंब खरं समजून पूर्ण वेगानं आदळतो. काचेवर एखादंच चित्र चिकटवून भागत नाही. बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके हवेत.

ओळखायचं कसं

नवखा माणूस रंगापासून सुरू करतो आणि फसतो, कारण रंग उजेडाप्रमाणे बदलतो, नर-मादीत बदलतो, ऋतूप्रमाणेही बदलतो. जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात चकचकीत जांभळा-काळा, आणि विणीनंतर मादीसारखा पिवळट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा. कोकीळ नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके. गाणारा मात्र नर.

म्हणून आधी आकार. यासाठी चार पक्षी पक्के करा: चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३ ते २५, कावळा ४० च्या आसपास. नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न: चिमणीएवढा की साळुंकीएवढा? मग चोच: जाड आणि आखूड म्हणजे दाणे फोडणारा, बारीक सरळ म्हणजे किडे टिपणारा, लांब बाकदार आणि सुईसारखी म्हणजे मध पिणारा. मग शेपटी, मग चालण्याची ढब. चिमणी उड्या मारते, साळुंकी पावलं टाकत चालते. धोबी शेपटी सारखी वरखाली आपटतो. रंग याच्यानंतर.

वहीतली नोंद अशी हवी: "सकाळी ७.१०, कुंपणाचा दगड. चिमणीएवढा. काळा. शेपटी पाठीवर उभी. शेपटीखाली विटकरी. उडताना खांद्यावर पांढरं. जमिनीवरून किडे." एवढ्यावर कुणीही सांगेल की हा चीरक नर, दयाळ नव्हे. दयाळ त्याच्यापेक्षा मोठा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. आणि ही नोंद पक्षी समोर असतानाच करा. पुस्तकातलं चित्र आधी बघितलं की डोळ्यांना न दिसलेलंही दिसल्यासारखं वाटायला लागतं.

सगळ्यांना चकवणारी जोडी म्हणजे शिक्रा आणि पावशा. पावशाचा अंगावरचा पट्ट्यांचा पेहराव, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीही फसून त्याच्यामागे लागतात. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची जवळजवळ सरळ. पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा" करत चढत जाणारा आवाज आला तर प्रश्नच मिटला.

कान उघडे ठेवा

घराभोवतीचे निम्मे पक्षी आधी ऐकू येतात. एका वेळी एकच आवाज पक्का करा. तांबटाची "टुक टुक टुक" दुपारच्या उन्हातही चालू असते. शिंपी अंगठ्याएवढा, पण त्याचं "टुविट टुविट" अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. मोबाइलवरचं मर्लिन हे अॅप आवाजावरून नाव सुचवतं आणि उपयोगी आहे, पण त्यानं नाव सुचवलं म्हणजे पक्षी दिसला असं धरू नका. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो.

गाण्यापेक्षा इशाऱ्याचे आवाज मला जास्त कामाचे वाटतात. फळीवर मुनियांची किलबिल चालू असताना ती एकदम थांबली, सगळ्या जागच्या जागी थिजल्या किंवा एकाच झुडपात घुसल्या, तर वर बघा. शिक्रा नुकताच गेलेला असतो किंवा शेजारच्या झाडावर आतल्या फांदीला बसलेला असतो. उलट सातभाई, बुलबुल आणि खार एका जागी जमून खाली बघत कल्ला करत असतील तर तिथे मांजर, मुंगूस किंवा साप आहे. अंगणात लहान मुलं असतील तर या कल्ल्याकडे दुर्लक्ष करू नका. पानांच्या दाट सावलीत भरदिवसा असाच गोंगाट चालला असेल, तर बऱ्याचदा मध्ये पिंगळा डोळे मोठे करून बसलेला सापडतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, आणि तो खाणं-भरवणं सोडून भांडायला येतो.

घरटं सापडलं तर

लांबूनच. घरट्यासमोरची फांदी फोटोसाठी बाजूला केली की ऊन आणि कावळा दोघांनाही वाट मोकळी होते. रोज त्याच वाटेनं जवळ गेलात तर मांजरालाही ती वाट कळते.

दुर्बिणीतून मात्र तासन्तास बघा. शिंजीराची मादी कोळ्याच्या जाळ्यानं वाळकी पानं, सालींचे तुकडे चिकटवून लोंबती थैली विणते. लांबून ती फांदीला अडकलेला कचराच वाटते. पिल्लांना भरवल्यावर आई थोडी थांबते, पिल्लू पाठ फिरवतं, आणि ती चोचीत पांढरी, पातळ आवरणातली विष्ठेची पुडी घेऊन उडते. घरटं स्वच्छ राहतं आणि वासही लागत नाही. बुलबुल, शिंपी, दयाळ यांच्याकडेही हेच दिसेल.

पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर घरात आणू नका. बहुतेक वेळा ते नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं असतं आणि आईबाप जवळपास असतात. मांजर-कुत्रं बांधा आणि लांब व्हा. उघडंबोडकं, पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं सापडत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकत नाहीत.

चिमण्यांसाठी पेटी लावायची तर भोक ३२ मिलिमीटरचं, त्याखाली बसायची दांडी नको, तोंड दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या माऱ्याकडे नको. हंगाम संपल्यावर पेटी रिकामी करून वाळवा.

नोंदी कुठे आणि कशा

वही कुठलीही चालेल. तारीख, वेळ, किती मिनिटं बसलात, हवा कशी होती, कोण दिसलं, किती दिसले. "किती" हा रकाना लोक सोडून देतात आणि नेमका तोच पुढे उपयोगी पडतो. वर्षभराच्या नोंदी झाल्या की करडा धोबी सप्टेंबरच्या कुठल्या दिवशी परसात उतरला, भोरड्यांचे थवे कधी आले आणि कधी गेले, सुगरण नरांची डोकी पिवळी कधी झाली, चातक पहिल्या पावसाच्या आधी आला की नंतर, हे तुमच्या घरापुरतं तुम्हाला कळतं.

नोंदी इतरांच्याही कामी याव्यात असं वाटत असेल तर ईबर्ड या संकेतस्थळावर टाका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेनं ऑडुबॉन सोसायटी या पक्षीसंरक्षण संस्थेबरोबर २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदवही आता जगभर वापरली जाते. तिथे यादी "पूर्ण" आहे का असं विचारतात. त्याचा अर्थ सगळे पक्षी दिसलेच पाहिजेत असा नाही. ओळखता आलेला एकही पक्षी वगळलेला नाही, एवढाच. कावळा काय लिहायचा म्हणून तो गाळला की यादी अपुरी होते. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या गणनेत भारत २०१३ पासून आहे. एका जागी कमीत कमी पंधरा मिनिटं बसून मोजायचं, बस. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढे किती जागेत मावतात ते बघा आणि त्या मापानं उरलेला थवा मोजा. आकडा अंदाजे आला तरी चालेल, "भरपूर" असं लिहू नका.